पानगळीचे मेटल: वातावरणप्रधान मेटल संगीत ऋतूसोबत कसे ऐकावे

मराठीत ‘शरद’ हा शब्द उच्चारला की निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणे डोळ्यांपुढे येते. या लेखातला ऋतू तो नव्हे. इथे अभिप्रेत आहे ती समशीतोष्ण प्रदेशांतली पानगळ, म्हणजे उत्तर गोलार्धात सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबर संपेपर्यंतचे आणि दक्षिण गोलार्धात मार्च ते मे या महिन्यांतले दिवस, जेव्हा उजेड रोज थोडा थोडा कमी होतो, जमीन ओली राहू लागते आणि झाडे रंग बदलून मोकळी होतात. अ‍ॅटमॉस्फेरिक मेटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे जड गिटारींच्या रॉकमध्ये वातावरणावर भर देणाऱ्या संगीताचा फार मोठा भाग याच दिवसांभोवती घोटाळत राहिला आहे. अल्बमच्या नावांत, मुखपृष्ठांवर आणि गीतांत तो ऋतू दिसतोच. पण गिटार वाजवण्याच्या पद्धतीत, ध्वनिमुद्रणात आणि गाण्यांच्या लांबीतही तो उतरला आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे.

हे संगीत केवळ उदास माणसांसाठी आहे असा एक समज आहे आणि तो मला पटत नाही. पानगळीत निसर्ग काही एकाएकी मरत नाही; तो संथपणे ओसरतो. या प्रकारातला उत्तम अल्बमही एखादी चाल घाईने संपवत नाही, तिला ओसरू देतो, आणि त्या ओसरण्यात जे शिल्लक राहते त्याकडे आपले लक्ष वळवतो. अशा संगीताला ऐकण्याची पद्धतही संथ लागते. कोणते अल्बम निवडावेत, ऋतूच्या कोणत्या टप्प्यावर ऐकावेत, कर्कश आवाजाची सवय कशी करावी आणि ऐकण्याची तांत्रिक तयारी कशी असावी, हे पुढे पायरीपायरीने मांडले आहे.

पहिली पायरी: काय ऐकायचे आहे ते कानांना सांगा

मेटल म्हटले की वेग आणि गोंगाट आठवतो. या प्रकारात वेग असतो, पण तो पृष्ठभागावर असतो. गिटारवर एकच स्वर अतिशय जलद, सलग छेडत राहण्याच्या पद्धतीला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. तो स्वर इतक्या वेळा आणि इतक्या जवळजवळ वाजतो की काही वेळाने कानाला सुटे आघात ऐकू येईनासे होतात आणि एक सलग पडदा उरतो, जसा मुसळधार पावसात थेंबांचा वेगळा आवाज उरत नाही. ड्रमवरचा ब्लास्ट बीट, म्हणजे अतिजलद सलग आघातांचा ताल, हेच काम तालाच्या बाजूने करतो. त्या पडद्यामागे स्वरसंगती मात्र फार सावकाश बदलत असते. चार-चार, आठ-आठ आवर्तने एकाच संगतीवर थांबलेली असतात. हात धावत असतात आणि संगीत जवळजवळ स्थिर असते. या विरोधातून जे जाणवते त्यालाच आपण इथे वातावरण म्हणतो.

दुसरी ओळखीची खूण म्हणजे डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) नसलेली किंवा अकूस्टिक गिटार, जी जड भागाच्या आधी, नंतर आणि अनेकदा त्याच्या खाली वाजत असते. पानांतले हरितद्रव्य विघटित झाले की त्याखाली आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो. तो रंग नव्याने तयार होत नाही. या अल्बममध्येही जड गिटार बाजूला होते तेव्हा ऐकू येणारी चाल बहुधा आधीपासून तिथेच असते. पहिल्यांदा ऐकताना एवढेच करावे: जड भाग आला की त्याच्या आत कोणती साधी धून दडली आहे ती गुणगुणता येते का ते पाहावे. जी धून गुणगुणता येते, तिच्यावरचा गोंगाट मग फारसा अंगावर येत नाही.

हे सगळे आले कुठून, तेही थोडक्यात माहीत असावे. एक धागा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या नॉर्वेतल्या ब्लॅक मेटल या जलद, कर्कश प्रकाराचा आहे. दुसरा इंग्लंडमधल्या डूम मेटल या संथ, जड प्रकाराचा: पॅराडाइज लॉस्ट, माय डाइंग ब्राइड आणि अ‍ॅनाथेमा या तीन बँडनी पीसव्हिल या रेकॉर्ड कंपनीसाठी काम करत डेथ मेटल या घोगऱ्या आवाजाच्या जलद प्रकाराचा वेग उतरवला आणि त्यात व्हायोलिन, पियानो आणि शोकाची लय आणली. तिसरा धागा अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा, ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या पावसाळी अरण्यांचा आहे, ज्याला कॅस्केडियन ब्लॅक मेटल म्हणतात. स्वीडन, फिनलंड, जर्मनी, फ्रान्स आणि युक्रेन या देशांनी यात आपापली भर घातली. या धाग्यांतला कोणता आपल्याला ओढतो हे कळायला एक ऋतू पुरतो.

दुसरी पायरी: घशातल्या आवाजाशी ओळख करून घ्या

नवा श्रोता बहुधा इथेच अडखळतो, म्हणून ही पायरी घाईने ओलांडू नये. या संगीतातला खोल घोगरा आवाज म्हणजे ग्राउल आणि उंच, फाटलेला आवाज म्हणजे श्रीक. दोन्हींकडे गायन म्हणून पाहिले तर निराशा होते, कारण त्यांत स्वर नसतो; त्यांच्याकडे वाद्य म्हणून पाहावे. ब्लॅक मेटलकडे झुकलेल्या अल्बममध्ये तो आवाज अनेकदा मुद्दामच मागे, गिटारच्या पडद्यात बुडवून ठेवलेला असतो, आणि दूरवरून कोणीतरी हाक मारल्यासारखा ऐकू येतो.

सवय करण्यासाठी मी हा क्रम सुचवतो. सुरुवात स्टॉकहोमच्या ओपेथ या बँडच्या २००३ सालच्या ‘डॅम्नेशन’ या अल्बमने करावी. त्यात एकही ग्राउल नाही. मेलोट्रॉन या जुन्या कळवाद्याचा धूसर आवाज, सौम्य गिटार आणि मायकेल ऑकरफेल्टचे शांत गायन, एवढ्यावर तो अल्बम उभा आहे. ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन यांचा त्याच्या निर्मितीत मोठा वाटा आहे. हा अल्बम दोन-तीनदा ऐकून झाला की त्याच बँडच्या १९९६ सालच्या ‘मॉर्निंगराइज’कडे जावे, पण शेवटच्या ‘टू बिड यू फेअरवेल’ या तुकड्यापासून, कारण जवळपास ११ मिनिटांच्या त्या गाण्यात ग्राउल अजिबात नाही आणि तरीही जड भाग आहे. त्यानंतर त्याच अल्बममधले ‘द नाइट अँड द सायलेंट वॉटर’ ऐकावे. ते ऑकरफेल्टने आपल्या आजोबांच्या मृत्यूनंतर लिहिले. हे ठाऊक असताना त्यातला ग्राउल राग म्हणून ऐकू येत नाही, हा माझा अनुभव आहे.

श्रीकसाठी नॉर्वेच्या उल्वर या बँडचा १९९५ सालचा ‘बेर्गटाट’ हा सर्वांत दयाळू शिक्षक आहे. सुमारे ३४ मिनिटांचा हा अल्बम स्वतःला पाच प्रकरणांची परीकथा म्हणवतो. डोंगरातल्या अमानवी शक्तींनी भुलवून नेलेल्या एका मुलीची ती गोष्ट आहे. स्वच्छ, एकावर एक रचलेले समूहस्वर, अकूस्टिक गिटार आणि मधूनच उसळणारा श्रीक हे सारे त्यात इतके जवळजवळ येते की एकाच्या आधाराने दुसऱ्याची सवय होते. मधल्या एका ठिकाणी रानातून धावणाऱ्या पावलांचा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकताना मी तिथे थांबून मागे वळून पाहिले होते.

एवढे करूनही ग्राउल सहन झालाच नाही, तर त्यात कमीपणा काही नाही. या परंपरेत संपूर्ण अकूस्टिक अल्बमची एक समृद्ध बाजू आहे. उल्वरचा ‘क्वेल्सांगर’ (१९९६), जर्मनीच्या एम्पिरियमचा ‘व्हेअर अ‍ॅट नाइट द वुड ग्राउस प्लेज’ (१९९९), फिनलंडच्या ऑक्टोबर फॉल्सचा ‘मारास’ (२००५) आणि मँचेस्टरच्या विंटरफिलेथचा ‘द हॅलोइंग ऑफ हेअरडम’ (२०१८) हे चार अल्बम घेऊन पूर्ण पानगळ काढता येईल. फिनिश भाषेत नोव्हेंबरला ‘मारासकू’ म्हणतात, आणि ‘विंटरफिलेथ’ हे तर जुन्या इंग्रजीतले ऑक्टोबर महिन्याचेच नाव आहे.

तिसरी पायरी: ऋतूचे तीन भाग करा आणि अल्बम त्यांत मांडा

पानगळ ही एकच अवस्था नाही. उत्तर गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरच्या संपातानंतरचे (दिवस-रात्र जवळपास समान असण्याच्या दिवसानंतरचे) पहिले आठवडे सोनेरी आणि कोरडे असतात, मधले भिजलेले आणि धुरकट, आणि शेवटचे उघडे व निश्चल. तारखांपेक्षा खिडकीबाहेरच्या झाडावर विश्वास ठेवावा. एकाच अल्बमने पूर्ण ऋतू भरण्याचा प्रयत्न केला की तो निम्मा वेळ विसंगत वाटतो आणि दोष संगीताला दिला जातो.

सोनेरी भागासाठी उजळ स्वरसंगतीचे, डोक्यावर आकाश असलेले अल्बम हवेत. फ्रान्सच्या आल्सेस्टचा ‘सूव्हनीर दं ओत्र मोंद’ (२००७) हा त्यांतला अग्रणी. त्याचा कर्ता नेज्ह याने लहानपणी जाणवलेल्या एका अलौकिक जगाच्या आठवणीतून ते संगीत रचले, आणि ब्लॅक मेटलचा तो गिटार-पडदा त्याच्या हातात ऊबदार झाला. दुसरा, आणि या भागासाठी मला अधिक जवळचा, म्हणजे पॅनॉप्टिकॉनचा ‘ऑटम इटर्नल’ (२०१५). पॅनॉप्टिकॉन म्हणजे मुख्यतः ऑस्टिन लन हा एकच माणूस, जो बहुतेक वाद्ये स्वतः वाजवतो. केंटकीच्या कोळसा कामगारांचा इतिहास आणि तिथले बॅन्जोचे लोकसंगीत ब्लॅक मेटलमध्ये आणणारा ‘केंटकी’ (२०१२), नंतर ‘रोड्स टू द नॉर्थ’ (२०१४) आणि मग हा तिसरा, अशी ती मालिका आहे. ‘ऑटम इटर्नल’ची सुरुवात एका लोकसंगीताच्या धाटणीच्या वाद्यतुकड्याने होते, ज्याच्या नावात टॅमरॅक वृक्षाचे सोने परत येण्याचा उल्लेख आहे. टॅमरॅक हा सूचिपर्णी वृक्ष आहे, पण तो सदाहरित नाही: पानगळीत त्याच्या सुया सोन्यासारख्या पिवळ्या होतात आणि गळतात. ज्याने तो वृक्ष पाहिलेला नाही त्यालाही त्या पहिल्या तीन मिनिटांत तो दिसतो.

मधल्या, भिजलेल्या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण या संगीताचा गाभा तिथेच आहे. अगालॉक या पोर्टलंड, ओरेगनच्या बँडचा ‘द मँटल’ (२००२) हा त्या भागाचा पहिला अल्बम. बँडचे नाव ज्या सुगंधी लाकडावरून आले ते आपले अगरू. सुमारे ६८ मिनिटांच्या या अल्बममध्ये अकूस्टिक गिटार सजावटीपुरती नाही. जड भागातही ती खाली वाजत राहते आणि गाण्याचा कणा बनते. सुरुवातीच्या वाद्यतुकड्यातली स्वरसंगती शेवटाकडच्या तुकड्यात परत येते, आणि मधल्या तासाभरात आपण किती अंतर चाललो ते तेव्हा एकदम कळते. म्हणूनच यातले एखादेच गाणे वेगळे काढून ऐकणे मला मान्य नाही, जरी ‘इन द शॅडो ऑफ अवर पेल कम्पॅनियन’ हा जवळपास १५ मिनिटांचा दुसरा तुकडा स्वतःच्या पायांवर उभा राहू शकतो. गायक जॉन हॉमचा आवाज कुजबुज, श्रीक आणि साधे गायन यांत फिरत राहतो, आणि तीनही वेळा तो एकाच थकलेल्या माणसाचा वाटतो. अल्बमचा शेवट गिटार आणि अकॉर्डियन यांच्या एका दारुड्या, उजाड गाण्यावर होतो. ज्यांना याहून जास्त घनता हवी असेल त्यांनी त्याच बँडचा ‘अ‍ॅशेस अगेन्स्ट द ग्रेन’ (२००६) घ्यावा. पण आधी ‘द मँटल’.

याच भागात पावसाच्या दिवसासाठी काटाटोनियाचा ‘ब्रेव्ह मर्डर डे’ (१९९६) राखून ठेवावा. स्टॉकहोमच्या या बँडचा गायक योनास रेंक्से याला त्या काळात ग्राउल करणे शक्य नव्हते, म्हणून ते काम ओपेथच्या ऑकरफेल्टने केले. अल्बमचे बळ पुनरावृत्तीत आहे: दोन गिटारींची एक साधी, ओढलेली चाल मिनिटामागून मिनिट परत येते, आणि ऐकणारा कंटाळण्याऐवजी तिच्यात शिरत जातो. खिडकीच्या काचेवर ओघळणारे पाणी पाहत राहण्यासारखाच हा अनुभव आहे. ‘डे’ या एकाच गाण्यात रेंक्से स्वच्छ आवाजात गातो, आणि त्याच गाण्यातून बँडचा पुढचा मार्ग निघाला. वुल्व्ज इन द थ्रोन रूम या ऑलिंपिया, वॉशिंग्टनच्या वीव्हर बंधूंच्या बँडचा ‘टू हंटर्स’ (२००७) मात्र घरात बसून ऐकण्यापेक्षा झाडांखाली ऐकावा. त्यात चारच तुकडे आहेत. पहिला निव्वळ वाद्यांचा आहे आणि शेवटचा सुमारे १८ मिनिटांचा. मध्ये गायिका जेसिका केनीचा आवाज येतो तेव्हा धुक्यात एकदम मोकळी जागा सापडावी तसे होते.

टाइप ओ निगेटिव्हचा ‘ऑक्टोबर रस्ट’ (१९९६) या सगळ्यांहून वेगळा आहे: ब्रुकलिनचा, शहरी, गॉथिक, मांसल. पीटर स्टीलचा खर्जातला आवाज आणि कीबोर्डचे दाट थर यांत अरण्य फारसे नाही, पण गंजाच्या रंगाची संध्याकाळ आहे. ग्राउल नको असलेल्या माणसाला मेटलची पानगळ ऐकवायची झाली तर मी हाच अल्बम देतो.

शेवटच्या, उघड्या भागासाठी संथ अल्बम हवेत. माय डाइंग ब्राइडचा ‘टर्न लूज द स्वान्स’ (१९९३) पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात जड गिटार जवळजवळ वापरतच नाही. कीबोर्ड आणि मार्टिन पॉवेलचे व्हायोलिन यांच्या चौकटीत मधली जड गाणी बसवलेली आहेत. फिनलंडच्या स्वॉलो द सनचा ‘साँग्ज फ्रॉम द नॉर्थ’ (२०१५) हा तीन तबकड्यांचा संच असून त्यातली दुसरी अकूस्टिक आहे व तिसरी फ्यूनरल डूम या अतिसंथ प्रकारातली. तिन्ही एका बैठकीत ऐकण्याचा अट्टहास करू नये. आणि ऋतूच्या अगदी कडेला, हिवाळ्याच्या उंबरठ्यावर, इन्सोम्नियमचा ‘विंटर्स गेट’ (२०१६): ४० मिनिटांचे एकच अखंड गाणे, बँडचा गायक नीलो सेवॅनेन याने स्वतः लिहिलेल्या कथेवर बेतलेले.

युक्रेनच्या खारकीव शहरातल्या द्रुद्ख या बँडचा ‘ऑटम ऑरोरा’ (२००४) मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. सुमारे ४० मिनिटांच्या या अल्बमच्या तुकड्यांची नावे क्रमाने वाचली तरी पूर्ण ऋतू हाती लागतो: कोमेजणे, पावसाला आवाहन, पानगळीची झळाळी, सूर्यचक्र, रात्रीच्या अरण्यातला वारा आणि शेवटी पहिले हिम. त्यामुळे तो तीनही भागांत बसतो. एकाच अल्बमला ऋतूचा कणा बनवून बाकीचे त्याभोवती रचायचे असतील तर हाच घ्यावा.

चौथी पायरी: अल्बम अखंड वाजेल अशी व्यवस्था करा

ही पायरी रुक्ष आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर वरची सारी निवड वाया जाते. या अल्बममध्ये एक तुकडा दुसऱ्यात विरघळतो. प्लेअरमध्ये दोन तुकड्यांच्या मध्ये शांततेची फट पडत असेल तर विनाखंड वाजवण्याचा पर्याय सुरू करावा आणि क्रॉसफेड, म्हणजे एक गाणे दुसऱ्यात मिसळत नेण्याची सोय, बंद करावे. गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारा शफल तर कधीच नको. आवाजाची पातळी आपोआप समान करण्याची सोय असल्यास ती गाण्यागणिक न ठेवता अल्बमगणिक ठेवावी, कारण अकूस्टिक तुकडा जड तुकड्याइतका मोठा केला गेला की त्यांच्यातला चढ नाहीसा होतो.

आवाज किती ठेवावा, याचा एक सोपा नियम आहे: तो अल्बमच्या शांत सुरुवातीवर ठरवू नका. आधी सर्वांत जड भागावर जा, तिथे सुखकर वाटेल इतकाच आवाज ठेवा आणि मग सुरुवातीला परता. सुरुवात हळू ऐकू येईल; ती तशीच ऐकायची असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल एवढी आहे, आणि पातळी वाढली की सुरक्षित वेळ झपाट्याने घटतो. सलग डिस्टॉर्शन कानांना लवकर थकवते, त्यामुळे तासाभरानंतर थोडा वेळ शांततेत घालवणे हिताचे आहे.

जुन्या ब्लॅक मेटलच्या ध्वनिमुद्रणात खर्ज कमी आणि वरचे स्वर टोकदार असतात. ते सुधारण्यासाठी इक्वलायझरवर खर्ज चढवण्याचा मोह होतो, पण त्याने गिटारचा पडदा चिखलासारखा होतो. फार बोचत असेल तर वरचे स्वर किंचित उतरवावेत, एवढेच पुरे. घरात मागून उघडे असलेले हेडफोन किंवा साधे स्पीकर या संगीताला मोकळी हवा देतात.

पाचवी पायरी: वेळ आणि जागा

माझ्या अनुभवात सर्वांत चांगली वेळ सूर्यास्तापूर्वी सुमारे अर्धा तास सुरू होते. ४०-४५ मिनिटांचा अल्बम तेव्हा लावला तर त्याचा पूर्वार्ध उजेडात आणि उत्तरार्ध संधिप्रकाशात जातो, आणि खोलीत दिवा न लावता बसले की तो बदल संगीताचाच भाग होतो. ‘द मँटल’सारखा लांब अल्बम असेल तर तो सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी लावावा, म्हणजे शेवट अंधारात पोहोचतो.

चालताना ऐकायचे असेल तर बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारे हेडफोन टाळावेत. रस्त्यावर ते धोक्याचे असतात हे तर खरेच; शिवाय पायाखालची पाने, वारा आणि पाऊस यांचे आवाज या संगीतात मिसळले की त्याची खोली वाढते. चाल गाण्याच्या ब्लास्ट बीटशी जुळवण्याच्या भानगडीत पडू नये. बदलणाऱ्या स्वरसंगतीची जी सावकाश लय असते तिच्याशी पावले आपोआप जुळतात.

अल्बम संपल्यावर दोन-तीन मिनिटे दुसरे काहीही लावू नका. बहुतेक सेवा अल्बम संपताच त्याच्यासारखे काहीतरी आपणहून वाजवू लागतात. ती सोय आधीच बंद करून ठेवावी.

सहावी पायरी: अल्बम कमी, फेऱ्या जास्त

पानगळीचे दहा-बारा आठवडे हाती असतात. त्यांत चाळीस अल्बम ऐकून काहीच उरत नाही. आठ ऐकले तर आठही सोबत राहतात. एका आठवड्याला एक अल्बम घ्यावा आणि तो किमान तीन वेळा, तीन रीतींनी ऐकावा. पहिल्यांदा चालताना, कोणतीही माहिती न वाचता. दुसऱ्यांदा बसून, गीतांची पुस्तिका समोर धरून, कारण ग्राउलमधले शब्द वाचल्यावाचून कळत नाहीत आणि ते अनेकदा अपेक्षेहून कितीतरी चांगले असतात. द्रुद्खने तारास शेवचेन्को यांच्यासह अनेक युक्रेनी कवींच्या कविता गीते म्हणून वापरल्या आहेत. तिसऱ्यांदा अंधारात, हातात काहीही न घेता.

प्रत्येक वेळी एका वहीत तारीख, हवामान आणि कोणत्या जागी लक्ष एकदम जागे झाले एवढे लिहून ठेवावे. मत लिहू नये, जागा लिहावी. पुढच्या वर्षी तीच नोंद वाचून तोच अल्बम तशाच दिवशी लावला की या संगीताशी असलेले नाते वेगळ्याच पातळीवर जाते, आणि कोणता अल्बम खरोखर आपला आहे तेही तेव्हाच कळते.

सातवी पायरी: पुढची निवड स्वतः करा

नावात ऑक्टोबर आणि मुखपृष्ठावर धुक्यातले झाड असणाऱ्या अल्बमांचे पीक उदंड आहे, आणि त्यांतले बरेचसे एकमेकांची नक्कल आहेत. नवा अल्बम पारखताना मी तीन ठिकाणी ऐकतो. सुरुवातीला: अकूस्टिक प्रस्तावना पुढच्या गाण्याशी स्वरांनी जोडलेली आहे, की केवळ रिवाज म्हणून चिकटवली आहे? मध्यावर: शांत भागातून जड भागात जाताना काही उलगडते, की नुसता आवाज वाढतो? आणि शेवटी: अल्बम जिथे सुरू झाला होता तिथून हलला आहे का? या तिन्हींत उत्तर समाधानकारक नसेल तर मुखपृष्ठ कितीही सुंदर असो, मी पुढे जातो.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. ब्लॅक मेटलच्या कडेला वंशद्वेषी आणि अतिउजव्या राजकारणाशी उघड नाते सांगणारे काही बँड आहेत, आणि निसर्ग, भूमी, पूर्वज हे शब्द त्यांच्याही तोंडी असतात. नवीन बँडवर जीव जडण्यापूर्वी आणि पैसे खर्च करण्यापूर्वी त्यांची गीते व जाहीर भूमिका वाचून घेणे हे श्रोत्याचेच काम आहे. ‘केंटकी’सारखा अल्बम दाखवून देतो की मातीवरचे प्रेम आणि श्रमिकांची बाजू एकाच संगीतात नांदू शकतात. या प्रकारात एकट्याने काम करणारे संगीतकार पुष्कळ आहेत, तेव्हा आवडलेला अल्बम शक्य असेल तेव्हा थेट त्यांच्याकडून किंवा बँडकँपसारख्या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावरून विकत घ्यावा. सोबत गीतेही मिळतात.

गाण्यांची स्वतःची मालिका रचायची असेल तर अकूस्टिक तुकड्यांचा उंबरठ्यासारखा उपयोग करावा: दोन वेगळ्या बँडच्या जड गाण्यांमध्ये एक छोटा अकूस्टिक तुकडा ठेवला की कानाला एका घरातून दुसऱ्यात जायला वाट मिळते. मालिका ८० मिनिटांपेक्षा लांब करू नये, आणि तिच्यात एका बँडचे दोन तुकडे लागोपाठ येऊ देऊ नयेत.

‘ऑटम ऑरोरा’चा शेवटचा, पहिल्या हिमाचा तुकडा मात्र कोणत्याही मालिकेत घालू नये. तो नऊ मिनिटांचा निव्वळ वाद्यांचा तुकडा आहे. गिटारची एकच चाल त्यात पुन्हा पुन्हा येते आणि हळूहळू दूर जाते. ऋतूभर हा अल्बम ऐकताना मी पाचव्या तुकड्याशी थांबतो. खिडकीबाहेरच्या झाडावर एकही पान उरले नाही असे ज्या संध्याकाळी दिसते, त्या संध्याकाळी सहावा लावतो, आणि तो संपला की वहीत त्या वर्षाची शेवटची तारीख लिहितो.